रास्ता पेठेतला दहावा माणूस

रास्ता पेठ, सोमवार

अकोल्याहून गाडीत बसून आखडलेले पाय घेऊन पुणे स्टेशनबाहेर आले आणि पहिल्या रिक्षावाल्याला "रास्ता पेठ" म्हटलं. मीटर पाडण्याआधी त्याने माझ्या एकुलत्या एक बॅगेकडे पाहिलं.

"पाय दुखतात का आपले?"

"नाही. का?"

"चालत जाण्याच्या अंतराला रिक्षा करताय, म्हणून विचारलं."

बोलला तेवढंच, पण नेलं. पॉवर हाऊसच्या चौकात उतरले. पुढचा पत्ता सापडेना म्हणून एका किराणा दुकानदाराला विचारलं, "इथे ज्यू लोकांचं प्रार्थनेचं देऊळ आहे ना, ते कुठे आलं?"

त्याने तराजूतली डाळ कागदावर ओतली, पुडी बांधली, दोरा तोडला आणि मग म्हणाला, "आलं नाही कुठे. जिथे बांधलं तिथेच आहे. डावीकडच्या गल्लीत."

पुण्यात आल्याची खात्री पटली.

मला हवं होतं ते देऊळ नव्हे, त्याच्या शेजारची इमारत. तिथे दुसऱ्या मजल्यावर रुबीमावशी राहतात. माझी आई पुण्याला नर्सिंग शिकायला होती तेव्हा रुबीमावशी तिच्या खोलीत होत्या. आई लग्न होऊन अकोल्याला आली, मावशी पुण्यातच राहिल्या. पण मैत्री टिकली ती इतकी, की आमच्या घरी "रुबी म्हणत होती" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू यायचं. मावशींचे यजमान आयझॅककाका पोस्टात होते. ते मागच्या वर्षी गेले. त्यांच्या वर्षाच्या प्रार्थनेला मावशींनी आईला बोलावलं होतं. आई म्हणाली, "मले आता जिने चढवत नाहीत. तू जाऊन ये. सुट्टीच आहे तुले."

मी शाळेत भूगोल शिकवते. पुण्याला पूर्वी चार-पाचदा आले असेन, पण माझं पुणे म्हणजे तुळशीबाग, शनिवारवाडा, पर्वती, आणि एका चुलतभावाचं कोथरूड. लक्ष्मी रस्ता पूर्वेकडे जिथे गर्दीत विरघळतो, त्याच्या पलीकडे काय आहे, हे मी कधी विचारलंही नव्हतं. आईच्या निमित्ताने ते बघायला मिळणार होतं, म्हणून मी खुशीत होते.

दार मावशींनीच उघडलं. उंच, सडपातळ, सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मला आत घेताना त्यांनी दाराच्या उजव्या चौकटीवर तिरप्या ठोकलेल्या एका लहानशा नळीला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना लावली. मी बघत राहिले.

"मेझुझा," त्या म्हणाल्या. "आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना आहे. तुम्ही उंबऱ्याला नमस्कार करता ना, तसं समज. मागच्या आठवड्यात गॅसवाला आला होता, त्याने ती बेल समजून दाबली."

आमच्याकडे पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून मी अकोल्याची खव्याची बर्फी नेली होती. जेवायला बसलो तेव्हा मी हौसेने पुडा उघडून ताटांमध्ये ठेवला. मावशींनी तो अलगद उचलला, झाकला आणि पार समोरच्या कपाटात नेऊन ठेवला.

"उद्या सकाळी चहाबरोबर," त्या म्हणाल्या. "आज मटण आहे. मांस आणि दूध आमच्यात एका जेवणात चालत नाही."

मी ओशाळले. पण ताटातलं मटण नारळाच्या दुधात शिजवलेलं होतं, आणि ते तसं का, हे आपोआप कळलं. मासा खवल्यांचा असेल तरच, कोलंबी नाही, खेकडा नाही. कोकणातून आलेली माणसं कोलंबी खात नाहीत, याचं मला फारच नवल वाटलं. मावशी म्हणाल्या, "वासाने जीव जातो गं कधी कधी. पण नाही म्हणजे नाही."

दुपारी त्या मला फिरवायला घेऊन निघाल्या. वाटेत त्यांच्या लोकांची गोष्ट सांगितली, त्यांना आजीने सांगितलेली. फार पूर्वी कोकणात, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका जिवंत राहिल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले, मराठी बोलू लागले, गावाचं नाव आडनाव म्हणून लावू लागले. देवाच्या एका प्रार्थनेचे शब्द तेवढे पाठ होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, हे ठाऊक होतं. लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे.

"आणि पुण्याला?"

"सरकारी नोकऱ्या. पलटण, रेल्वे, पोस्ट, दवाखाने. आमच्या बायका निम्म्या नर्स, निम्म्या मास्तरणी."

देवळाला त्यांची आजी 'मशीद' म्हणायची, हेही त्यांनी सांगितलं. मी थांबलेच. देऊळ म्हणायचं शेजाऱ्यांनी, मशीद म्हणायचं आजीने, आणि आत ज्यूंची प्रार्थना. मावशींना त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. त्या पेठेत ते विशेष नव्हतंच. एका गल्लीत कन्नड-तमिळ लोकांचा इडलीचा वास, पुढे बोहऱ्यांची दुकानं, मग चर्चची घंटा, मग कुठल्याशा तालमीतून लाल माती झटकत बाहेर पडलेले दोघे. आमच्या अकोल्यातही सगळ्या जातीधर्मांची वस्ती आहे, पण प्रत्येकाची आपापली बाजू आहे. इथे एकाच जिन्याला चार तऱ्हेच्या घरांची दारं होती.

संध्याकाळी परतलो तर फोन वाजत होता. मावशी बराच वेळ नुसत्या "हं, हं" करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू काळजी घे. उठू नकोस," आणि रिसीव्हर ठेवून तशाच खुर्चीत बसल्या.

कोंढव्याला राहणारे त्यांचे एक नातलग न्हाणीघरात घसरून पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. उद्या संध्याकाळच्या प्रार्थनेला ते येणार नव्हते.

"नऊ झाले," मावशी म्हणाल्या.

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी जी कद्दिश म्हणतात, ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष हजर असावे लागतात. तेरा वर्षांवरचा कोणीही चालतो, पण दहा हवेत. एके काळी रास्ता पेठेत गच्चीवरून हाक मारली तर तीस जमायचे. आता निम्मी घरं इस्रायलला गेली, उरलेले वानवडी, कोंढवा, वाघोलीपर्यंत पांगले. मावशींनी महिनाभर आधीपासून एकेकाला सांगून दहा जमवले होते.

"आणि बायका?" मी विचारलं.

"मोजत नाहीत."

"कधीच?"

"आमच्या देवळात तरी नाही." मग जराशाने, "अजून."

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. ठाण्याचे एक जण लग्नाला गेले होते. एक पनवेलला मुलीकडे. कोरेगाव पार्कातल्या एका लॉजमध्ये इस्रायलची फिरायला आलेली मुलं उतरतात, तिथेही त्यांनी विचारलं. मुलं गोव्याला गेली होती. मावशींचा मुलगा बेनी इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. तो तिथल्या देवळात कद्दिश म्हणणार होता, पण मावशींना ती इथे हवी होती. "हे चाळीस वर्षं त्याच बाकावर बसले," त्या म्हणाल्या. "इथे त्यांचं नाव निघायला नको?"

मला आईचं काहीतरी आठवलं. "काकांना धाकटे भाऊ होते ना? आई सांगायची, खूप छान गायचे."

मावशींनी फोनची वायर सरळ केली. "आहे. सॅमसन. खडकीला असतो."

"मग?"

"मग काही नाही. तो येणार नाही."

खडकी, मंगळवार

सकाळी चहाबरोबर बर्फी खाताना मावशींनी आपण होऊन सांगितलं.

काका गेले शुक्रवारी पहाटे. त्यांच्यात माणसाला ताटकळत ठेवत नाहीत, त्याच दिवशी माती देतात. त्यातून शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागतो आणि मग दफन होत नाही. म्हणजे सूर्यास्ताच्या आत, नाहीतर थेट रविवारी. सॅमसन तेव्हा अलिबागजवळ एका लग्नाला गेले होते. निरोप मिळताच मिळेल त्या गाडीने निघाले. घाटात वाहतूक अडकली होती. ते दफनभूमीच्या फाटकाशी पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि फाटकाला कुलूप होतं.

"सगळे मला विचारत होते, थांबायचं का. मीच म्हटलं, नको." मावशींनी कप बशीत ठेवला. "दोन दिवस त्यांना तसं ठेवायचं? मला ते जमलं नसतं. सॅमसन दुसऱ्या दिवशी आला नाही. सुतकाचे सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो, त्या सात दिवसांत आला नाही. नंतर फोनही काढून टाकला म्हणे त्याने."

"मी जाऊन येऊ?"

"कशाला?"

"खडकी बघायची आहे मला."

मावशींनी माझ्याकडे नर्सच्या नजरेने पाहिलं, ताप खरा आहे की शाळा बुडवायची आहे, हे ओळखणाऱ्या. "बघ तर मग. पण मी पाठवलं असं सांगू नकोस. मी पाठवलेलं नाही."

लोकलने खडकीला उतरले. पुण्याच्या पेठांतून तिथे गेलं की रस्ते एकदम रुंद होतात, झाडांचे बुंधे गेरू-चुन्याने रंगवलेले, भिंती लांबच लांब आणि प्रत्येक भिंतीवर 'फोटो काढू नये'. मी एका भिंतीपाशी नुसती पाटी वाचायला थांबले, तर पहाऱ्यावरच्या जवानाने हाताने पुढे चालायची खूण केली. बाजारात मात्र रस्ता पुन्हा अरुंद झाला. बेकरी, शिंप्याची दुकानं, बॅजेस आणि लाल-हिरव्या फिती विकणारं एक दुकान. सॅमसन नाव घेताच बेकरीवाल्याने घर दाखवलं. "कारखान्यातून रिटायर झालेले ना? गाणारे? आता गात नाहीत. पाव घ्यायला येतात फक्त."

बैठं घर. अंगणात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस जुन्या छत्रीची काडी तारेने बांधत बसला होता. चौकटीवर तशीच तिरपी नळी.

"मी नंदा. अकोल्याच्या कमलची मुलगी. रुबीमावशींची..."

"ओळखलं. हनुवटी आईची आहे." त्यांनी छत्री खाली ठेवली नाही. "तिने पाठवलं?"

"नाही. मी खडकी बघायला आले होते."

"खडकीत काय बघायचंय? रणगाडा? तो चौकात ठेवलाय. इथे नाही."

मला हसू आलं, आणि मी हसले म्हणून असेल, त्यांनी बसायला स्टूल पुढे सरकवलं. आतून त्यांच्या पत्नी, लिलीकाकू, पाणी घेऊन आल्या. भिंतीवर एक जुना फोटो होता. दोन तरुण सतरंजीवर बसलेले, मोठ्याच्या पुढ्यात पेटी, धाकट्याच्या हातात झांजा, मागे पगडी घातलेले एक कीर्तनकार उभे.

"हे कुठलं कीर्तन?" मी विचारलं.

"मोशेचं. आमचा प्रेषित."

"मराठीत?"

"मग कशात? श्रोते कुठले होते? पेणचे, पनवेलचे, इथले." आता त्यांचा हात थांबला. "पूर्वरंग, उत्तररंग, आर्या, साकी, दिंडी, सगळं तुमच्या कीर्तनासारखं. गोष्ट फक्त आमची. मोशे समुद्रापाशी येतो, मागून फौज, तिथे बुवा थांबायचे आणि मला सूर लावायला सांगायचे. आयझॅक पेटीवर. मी जरा वर गेलो की तो डोळ्यांनी खाली बोलवायचा. कायम. पट्टी सोडायची सवय होती मला."

मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. कोणत्या सणाला, कोणाच्या अंगणात, बायका कुठे बसायच्या, नारळ कोण फोडायचं. वर्गात मुलांना प्रश्न विचारायची सवय मला त्या दिवशी उपयोगी पडली. अर्धा तास तरी ते लग्नं, कीर्तनं, नवगावच्या जुन्या थडग्यांवर फुलं वाहायला जायचं, हे सगळं बोलत होते. बोलताना दर दोन वाक्यांनी आयझॅक येत होता.

शेवटी मीच म्हटलं, "आज संध्याकाळी काकांची प्रार्थना आहे. नऊच माणसं आहेत."

त्यांनी काडीवरच्या तारेला आणखी एक पीळ दिला.

"नऊ आहेत म्हणून आलात," मग म्हणाले. "दहा असते तर कोण आलं असतं खडकीला?"

ते खरंच होतं.

"मला कायदा माहीत आहे," ते छत्रीकडे बघत बोलले. "शुक्रवार होता. थांबता येत नव्हतं. तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. पण माझा भाऊ होता. मूठभर माती सगळ्यांनी घातली. शेजारच्या इस्त्रीवाल्याने घातली. मी फाटकाच्या गजांतून बघत होतो, आत कुठे काय आहे ते दिसतही नव्हतं. आणि रात्रभर दारात कोणी आलं नाही सांगायला, की सॅमसन, तुझी वाट बघायची होती पण बघता आली नाही. एवढं एक वाक्य."

"त्या तेव्हा..."

"तिचा नवरा गेला होता. तेही कळतं मला. कळून काय होतं?"

मी निघताना लिलीकाकूंनी माझ्या हातावर नानकटाई ठेवली. फाटकापर्यंत त्या आल्या, ते नाही आले. मी वळून विचारलं, "याल का?"

"बघू," ते म्हणाले आणि छत्री उघडून पाहिली. ती पुन्हा त्याच काडीवर वाकली.

पुन्हा रास्ता पेठ, संध्याकाळ

मावशी पोहे भिजवून नारळ खवत होत्या. त्याला ते मलिदा म्हणतात. पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळांचे काप. प्रार्थनेनंतर फळांवर, मलिद्यावर आणि सब्ज्याच्या वासावर आशीर्वाद म्हणतात आणि मग तो वाटतात. मी शेजारी बसून वेलची सोलत खडकीचं सगळं सांगितलं. इस्त्रीवाल्याचंही, एका वाक्याचंही. काही गाळलं नाही. गाळावं का, असा विचार मनात आला होता, पण त्यांच्यासमोर जमेना.

मावशींचा हात खवणीवर थांबला. "दारात जायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "सात दिवस घराबाहेर पडायचं नसतं. मग आठव्या दिवशी वाटलं, त्याने यायला हवं. मग महिना गेला." पुन्हा खवू लागल्या. "'बघू' म्हणाला ना? सॅमसनचं बघू म्हणजे नाही."

सूर्य मावळल्यावर देवळात गेलो. बायकांची बसायची जागा वर, सज्जात. डोक्यावरून पदर घेऊन मी मावशींच्या शेजारी बसले. खाली पिवळ्या दिव्यांत लाकडी बाक, मध्ये कठडा घातलेला उंच चौथरा, पूर्वेच्या भिंतीत पडदा सोडलेलं कपाट, त्यात त्यांचा ग्रंथ. उदबत्ती नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. मला प्रथम ती जागा ओकीओकी वाटली. मग माणसं येऊ लागली. काठी टेकत एक, मुलाच्या स्कूटरवरून एक बाप आणि तो मुलगा, ऑफिसची पिशवी खांद्याला तशीच असलेला एक. सगळे एकमेकांना मराठीत विचारत होते, गुडघा कसा आहे, पाणी आलं का, बस मिळाली का. टोप्या वरून सहज मोजता येत होत्या. नऊ.

प्रार्थना चालवणारे डेव्हिडकाका सगळ्यांत वडीलधारे होते. त्यांनी थोडा वेळ काढला आणि मग वर बघून म्हणाले, "रुबी, सुरू करू या का? जेवढं चालतं तेवढं म्हणू. कद्दिश राहू दे. देवाला कळतं."

"थोडं थांबू या," मावशी म्हणाल्या.

थांबले. कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. काठीवाले म्हणाले, "मला वानवडीची बस आहे. पुढची कधी येईल, नेम नाही."

"रुबी?" डेव्हिडकाकांनी पुन्हा वर पाहिलं.

मावशी उठून कठड्यापाशी उभ्या राहिल्या. "थांबा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सॅमसन येतोय."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कुणाचा निरोप आलेला नव्हता. खाली सगळ्या टोप्या एकदम वर वळल्या. वर्षभरात ते नाव तिथे कुणी घेतलं नसावं.

"आला नाही तर?" काठीवाल्यांनी विचारलं.

"तरी थांबू. आज काही शुक्रवार नाही."

काठीवाल्यांनी काठी बाकाला टेकवली आणि पाय लांब केले. त्यांची बस बहुधा गेलीच. मावशी बसल्या नाहीत. कठडा धरून दाराकडे बघत राहिल्या. मी मनात खडकीच्या लोकलच्या वेळा जुळवत होते, आणि खरं सांगते, मला वाटत नव्हतं ते येतील. मावशींनी सगळ्यांदेखत घेतलेल्या त्या जबाबदारीचा मला फार धसका बसला होता.

अंगणात रिक्षाचा आवाज आला. लिलीकाकू आधी दिसल्या, मागून सॅमसनकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. दारात ते थबकले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या आणि चौथऱ्यावर पुस्तक अजून मिटलेलं होतं.

"मला वाटलं, झालं असेल," ते म्हणाले.

"तुझी वाट बघत होतो," डेव्हिडकाका म्हणाले. "तुझ्या वहिनीने थांबवून ठेवलं सगळ्यांना."

त्यांनी वर पाहिलं. मावशींनी काही खूण केली नाही, हात हलवला नाही. डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला आणि खाली बसल्या. बसल्यावर माझा हात धरला, तो प्रार्थना संपेपर्यंत सोडला नाही.

कद्दिश सॅमसनकाकांनी म्हटली. शब्द मला कळले नाहीत, पण मधूनमधून बाकीचे नऊ जण एकदम "आमेन" म्हणत होते आणि दरवेळी सॅमसनकाकांचा आवाज जरा वर जात होता. शेवटी तो फारच वर गेला, मध्येच तुटला, आणि बाकीच्यांनी थांबून त्यांना पुन्हा सूर सापडू दिला.

खाली जिन्याच्या तोंडाशी दोघं समोरासमोर आली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणं होईल. मावशी म्हणाल्या, "सॅमसन, तेव्हा तुझ्यासाठी थांबायचं होतं मला. थांबता आलं नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "वहिनी, भूक लागलीय. सकाळपासून काही गेलं नाही पोटात."

घरी मलिद्यावरून लगेच वाद झाला. त्यांच्या मते गूळ जास्त होता. मावशींच्या मते आयझॅकना असाच लागायचा. "त्याला लागायचा नाही, तुझ्यापुढे बोलायची सोय नव्हती," असं सॅमसनकाका म्हणाले आणि लिलीकाकूंनी कपाळावर हात मारला. काठीवाले वानवडीकर बस चुकल्यामुळे आमच्यातच जेवायला होते. त्यांनी दोन्ही बाजूंना दुजोरा दिला आणि दोनदा वाढून घेतलं.

बुधवार

परतीची गाडी सकाळची होती. मावशींनी मला आईसाठी मलिद्याचा डबा दिला, वर नारळाच्या वड्या दिल्या, आणि मग जरा अवघडून म्हणाल्या, "नंदा, तुला स्टेशनवर सोडायला यायचं होतं गं. पण सॅमसन येतोय न्यायला. आम्ही दोघं दफनभूमीत जाऊन येणार आहोत. त्याने आतून पाहिलंच नाहीये अजून."

"अहो मावशी, तुम्ही जा. मी जाते."

"रिक्षा करशील ना?"

"नको," मी म्हटलं. "चालण्याच्या अंतराला रिक्षावाले हसतात."

चौकाच्या कोपऱ्यावर मी वळून पाहिलं. इमारतीच्या दारात मावशी पायात चपला अडकवून उभ्या होत्या, हातात फुलांची पुडी, आणि खडकीच्या बाजूने येणाऱ्या रस्त्याकडे बघत होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी हाक मारली नाही. बॅग खांद्याला लावली आणि स्टेशनकडे चालू लागले.